शेवंताबाईची पहिली पेंडी

वकिलाच्या मुन्शीकडे किस्से कसे जमतात, ते सांगतो. पेशी, म्हणजे तारीख, अकराची असते आणि पुकारा होतो चारला. मधला वेळ गोंदियाच्या कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकार आणि मुन्शी एकाच बाकावर काढतात. माणूस किती वेळ गप्प बसेल? माझं शिक्षण चौथी. कायदा मला कळत नाही. पण आमच्या वकीलसाहेबांकडे सगळी कामं गाडीनं उडवलेल्या माणसांची. त्यांचं उठणं-बसणं बघून बघून थोडं कळायला लागलं.

*

साहेबांचा पहिला नियम असा, की कोर्टात कोणी "कसे आहात?" विचारलं तर "बरा आहे" म्हणायचं नाही. आमच्याकडची माणसं मोडक्या पायावर उभं राहूनही "बरा आहे" म्हणतात.

आमगावकडच्या एका म्हाताऱ्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. काय बोलायचं ते साहेबांनी आठ दिवस पाठ करून घेतलं. पुकारा झाला. बाबाजी आत गेले आणि न्यायाधीश दिसताच दोन्ही हात पार कपाळापर्यंत नेऊन नमस्कार केला. विमा कंपनीचे वकील जागचे उठलेही नाहीत. बसल्या बसल्या म्हणाले, "साहेब, एवढी नोंद घ्यावी."

बाहेर आल्यावर मी विचारलं, हात वर गेला कसा? बाबाजी खांदा दाबत म्हणाले, "लय दुखला ना बापा. पन एका हातानं नमस्कार करतेत काय?"

*

मग शेवंताबाईचं काम आलं. बाई आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडकडची, पन्नाशीची. लेकीकडे गोंदियाजवळ मुर्रीला आली होती. रस्त्याच्या कडेनं चालताना मागून पिकअपनं उडवलं. ऑपरेशन करून कमरेत सळई बसवावी लागली. तिचा जन्म रोवणीत गेलेला. चिखलात वाकून, मागे मागे सरकत, दिवसभर भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायचे. आता ते तिच्यानं होणार नाही, एवढंच आम्हाला कोर्टाला पटवायचं होतं. ते पटलं नाही तर पुढचं आयुष्य ती लेकीच्या दारात काढणार होती, आणि तिला तेच नको होतं.

*

पिकअपचा नंबर पाहिलेला माणूस एकच, एक ऑटोवाला. त्यानंच तिला दवाखान्यात नेलं होतं. मी गेलो तर म्हणाला, "देखा तो सब, चाचा. पर मेरेको कोर्ट में मत फँसाओ." त्याच्या ऑटोचे कागद अपुरे होते. साक्षीला गेलो तर तेच विचारतील, ही भीती.

 दुसऱ्या दिवसापासून त्याच्याच ऑटोत बसून मुर्रीला जायचो आणि त्याच ऑटोनं परत यायचो. विषय काढायचा नाही. पाचव्या दिवशी त्यानंच मध्ये ऑटो थांबवला. आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "वो बाई चलती है अब?"

चालते, पण काम होत नाही, असं मी सांगितलं.

त्यानं ऑटो सुरू केला. मग म्हणाला, "पेशी कब है, बोलो."

*

अपंगत्वाच्या दाखल्याला गेलो, तिथे वेगळीच गंमत. शेवंताबाई फाटकापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत चालत गेली. डॉक्टरांनी विचारलं, चालता येतं ना? ती हो म्हणाली. त्यांनी तेच लिहिलं. साहेबांनी दाखला वाचला आणि डोक्याला हात लावला.

मी म्हटलं, बाई, रोवणीचं सांगितलं का नाही?

"त्यानं रोवनीचं कोठं इचारलं?"

*

तिच्या साक्षीच्या दिवशी न्यायाधीश मॅडम नवीन होत्या, दूरच्या, भाताची शेती नसलेल्या मुलखातल्या. दाखला आधीच आमच्या विरुद्ध बोलत होता. त्यात विमा कंपनीच्या वकिलांनी एक फोटो पुढे ठेवला. आमच्या साहेबांनी तो कधी पाहिला नव्हता. भाताच्या बांधीत शेवंताबाई वाकलेली, हातात पऱ्ह्यांची पेंडी.

"या तुम्हीच ना?"

"मीच होय."

"रोवणी करताय?"

"हो."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. मला मात्र तो फोटो कळला. आमच्याकडे पहिली पेंडी घरची मोठी बाई लावते, मगच बाकीच्या बाया बांधीत उतरतात. ती एकच पेंडी होती. पण बाकावरून मुन्शीनं बोलायचं नसतं. 

मॅडमनी विचारलं, "म्हणजे तुम्हाला वाकता येतं?"

"येते ना."

"मग अडचण काय आहे?"

शेवंताबाईनं पदर खोचला. साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरली आणि कोर्टाच्या फरशीवर वाकली. डावा हात पेंडी धरल्यासारखा, उजव्या हाताची बोटं फरशीला टेकलेली. तशीच राहिली.

"ठीक आहे, उठा आता," विमा कंपनीचे वकील म्हणाले.

ती उठली नाही. फरशीकडे बघतच बोलली, "नाई उठता येत, बापू. त्या दिवशीबी नाई उठता आलं. तुमच्या फोटोवाल्यानंच उचललं मले. त्याले बलावा."

फोटोवाला साक्षीसाठी आलेला होता, दाराबाहेर उभा होता. अर्धे केस पिकलेला, कंपनीसाठी गावोगाव तपास करत फिरणारा माणूस. त्याचा पुकारा झाला नव्हता. तरी तो आत आला. चपला दाराशी काढल्या. तिच्या बाजूला बसला, एक हात तिच्या काखेत घातला, दुसरा पाठीवर, सळईच्या जरा वर.

"हळू," ती म्हणाली.

"माहीत आहे, ताई."