फोनात तळाला कोन?

आमच्या आळीतली मृणाली एका जागी बसत न्हाय. वेबसाइट बनवते, आणि ती फोनात नीट उघडते का, हे बघत गावभर फिरते. रिक्षावाल्याचा फोन माग, ड्रायव्हरचा माग, तडा गेलेल्या काचेवर आपलं काम कसं दिसतं ते बघ. आई म्हणते, "पोरीच्या ढुंगनाला चाकं हायत." बापानं सांगून ठेवलंय, पहिलं काम धड झालं तर ठीक, न्हायतर समोरच्या गोदामात बिलं बनवायची ड्युटी तयार हाय.

पहिलं काम मिळालं शेजारच्या गोदूबाईच्या पोरांचं. अनंता, मनोज, मितेश. तिघांच्या तीन क्रेनी, धंदा एक. आता आमच्याकडं हळद असो की वाढदिवस, बॅनरवर चेहरे एका ओळीत, सारख्या मापाचे लागतात. एकाचा बोटभर मोठा झाला तर वर्षभर बोलणं बंद. मृणाली याच मातीतली. तिनं तिघांचे फोटो शेजारीशेजारी लावले, गॉगल-साखळीसकट, खाली ज्याचा त्याचा नंबर. लॅपटॉपवर बघून तिघं खूश.

दुसऱ्या दिवशी मितेशची बायको रंजिता फोन घेऊन दारात. फोन अरुंद, तिघं आडवे मावेनात, म्हणून एकाखाली एक उभे राहिलेले. वर अनंता, मग मनोज, आणि मितेश पार तळाला.

"मृणाली बाय, आमचा मानूस भावांच्या पायाशी ठेवलास काय?"

"काकी, फोनात असंच बसतं."

"मंग आमचा वर बसव."

बसवला, अनंता गेला तळाला. दुपारी मनोज आला. "मी वर बी न्हाय, खाली बी न्हाय. सँडविचातली काकडी हाय काय मी?"

थोरला अनंता आलाच नाही. नुसता निरोप आला, साइट बंद कर, माझी क्रेन मी वेगळी चालवतो.

मृणालीला घरात बसवेना. स्कूटी काढली ती थेट अंबाडी नाक्यावर. तिथं उभ्या ट्रेलरवाल्याच्या हातात साइट दिली. त्यानं अंगठ्यानं तिन्ही चेहरे सरासर वर ढकलले. "मॅडम, क्रेन किधर है? तीन में से कौनसा नंबर लगाऊँ? इन लोगों से शादी थोड़ी करनी है."

परत आली आणि चेहरे काढूनच टाकले. वर क्रेनचा फोटो, खाली अंगठ्याशी एक मोठं बटन, 'फोन करा'. पण कोणाला? पुन्हा तोच घोळ. ओट्यावर येरझाऱ्या सुरू. शेजारच्या ओट्यावर गोदूबाई सुकट निवडत फोनवर बोलत होती. "अनंता नारपोलीला हाय, मनोजचा टायर गेलाय, मितेश मोकला हाय. त्याला धाडते." एकमेकांना सांगत नसतील, पण आईपाशी तिघंही सगळं सांगतात.

मृणालीनं गोदूबाईला विचारलं आणि बटनाला तिचा नंबर लावला.

संध्याकाळी अनंतानं साइट उघडली. आपला चेहराच गायब. तडकून त्यानं बटन दाबलं.

"कोन? क्रेन पायजे काय?"

"...आये, तू?"

"मीच. कुठं हायस? सकाली पिंपळासला माल उतरवायचा हाय, तू जाशील की मितेशला सांगू?"

अनंता म्हणाला, "मीच जातू."

गोदूबाईनं मृणालीला हाक मारली, बटनावरनं अनंत्याचा फोन आला म्हणून सांगायला. पोरगी ओट्यावर नव्हतीच. कुणाच्या तरी जुन्या फोनात तेच बटन अर्धं कापलं जात होतं, ते बघायला ती पळाली होती.