खिडकीकडची जागा

बँकेतून निवृत्त झाले तेव्हा मी घरात जाहीर केलं होतं, की यापुढे मी कुणावरही ओरडणार नाही. हे व्रत उन्हाळा लागेपर्यंत टिकलं. मग माझ्या जुन्या खो-खोच्या मैत्रिणींनी परळच्या एका शाळेच्या मैदानावर सुट्टीचं शिबिर भरवलं, माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली, आणि नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

शिबिर होतं कोकणातल्या खेड्यांमधल्या मुलामुलींसाठी. मे महिन्यात अर्धं लालबाग-परळ गावी पळतं, आणि आमची पोरं नेमकी त्याच वेळी गावाहून इकडे आली होती. वर्गातली बाकं भिंतीला सरकवून तिथंच मुक्काम. सकाळी खो-खो, कबड्डी, धावणं. दुपारी जेवून, तोंडावर पाणी मारून कॉलेजं बघायला जायचं. खेळाच्या जोरावर प्रवेश मिळतो, पुढे शिकता येतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसावं एवढाच आमचा हेतू. मी स्वतः बी.कॉम. झाले ती कॉलेजच्या संघात धावणारी मुलगी हवी होती म्हणून, आणि बँकेची नोकरीही खेळाडू म्हणूनच लागली. त्यामुळे मी हे सगळं अगदी पोटतिडकीनं सांगायचे. पोरं शांतपणे ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मॅडम, पण पोलीस भरतीला धावायला किती वेळ देतात?"

एका कॉलेजात प्राध्यापकांनी ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती असं सगळं तासभर समजावलं आणि शेवटी म्हणाले, "काही शंका?" मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "सर, वसतिगृहात मासे कुठल्या वारी असतात?" सगळा वर्ग हसला. सर मात्र किनाऱ्याकडचेच निघाले. त्यांना प्रश्नाचं गांभीर्य कळलं आणि त्यांनी वारांनुसार नीट उत्तर दिलं.

ही मासेवाली ज्या मुलीच्या शेजारी बसली होती, तिची ही गोष्ट आहे. दोघी एकाच वाडीतल्या. शेजारची ती बुटकी, काटक, बोलायला कमी. मैदानावर मात्र पाठलागाला उठली की समोरचा खेळाडू आधी देवाचं नाव घ्यायचा. त्या दिवशी कॉलेज बघून सगळे बसमध्ये चढले आणि हिचा पत्ता नाही. मी तणतणत परत गेले, तर ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी. आत कुणी नाही, नुसती काचेची भांडी उपडी घालून ठेवलेली. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, इथं यायला किती टक्के लागतात?"

शिबिर चालू असतानाच बारावीचा निकाल लागला. तिला हवे तेवढे टक्के होते, वर राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र. त्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षिका एका सकाळी तिचा खेळ बघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "ही मला हवी." सगळं जुळलं. अडलं राहण्यापाशी, कारण वसतिगृहात मुलींच्या जागा केव्हाच भरल्या होत्या.

"त्यात काय, माझ्याकडे राहा," मी म्हटलं. दादरला आमची एक खोली मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेल्यापासून रिकामीच आहे. लगेच तिच्या वडिलांना फोन लावला. ते तालुक्याच्या स्टँडवर रिक्षा चालवतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकार आहेत. पण पोरगी परक्याच्या घरी ठेवणार नाही. लालबागला आमच्या गावाची खोली आहे. तिथं जागा झाली तर पाठवतो. माझा शब्द."

फोन बंद झाला तशी पोरीच्या चेहऱ्यावरची रया गेली. मी मात्र जागच्या जागी पेटले. कारण त्या माणसानं सरळ 'नाही' म्हणायचं टाळून मला असं काही मागायला लावलं होतं, जे कधीच मिळणार नव्हतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

मी परळच्या चाळीत वाढले, मला या खोल्या चांगल्या माहीत आहेत. गिरणीत कामाला आलेल्या एकेका गावच्या पुरुषांनी मिळून एकेक खोली घेतलेली असायची. माळ्यावर प्रत्येकाची पेटी, भिंतीवर खुंट्या, कोपऱ्यात गावच्या देवीचा फोटो. पंचवीस-तीस माणसं एका खोलीत पाळीपाळीनं राहायची. एक कामावर गेला की त्याच्या चटईवर दुसरा झोपायचा. बायकापोरं गावी. आम्ही मुली त्या दारांवरून खाली मान घालून पळत जायचो. आता गिरण्या गेल्या, माणसं विरार-दिव्याला स्वतःच्या घरांत गेली आणि खोल्या ओस पडल्या, तरी गावकीच्या खोलीत बाई राहिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"तुला माहितेय का, कुठं आहे ती?" मी तिला विचारलं.

तिनं पाढा म्हणावा तसा पत्ता म्हणून दाखवला. "दुसरा माळा, मोरीच्या बाजूची खोली, लालबाग, मुंबई बारा." आजीनं शिकवला होता. आजोबा गिरणीत होते तेव्हा आजी शेजारच्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची आणि हा पत्ता स्वतः तोंडपाठ सांगायची. खोली आजीनं कधी पाहिली नव्हती. "पण आजोबांची जागा खिडकीकडे होती," पोरगी म्हणाली. "तिथं छान वारा यायचा. ते गावी आले की सांगायचे."

त्या रविवारी खोलीत त्यांच्या गावच्या मंडळाची सभा होती. निम्मे सभासद गावी गेलेले, पण देवळाच्या कळसाचा विषय होता म्हणून उरलेले सगळे हजर. शिबिरातलं सकाळचं सत्र आटोपून मी तशीच, ट्रॅकसूट घालून, दोन्ही पोरींना घेऊन पोचले. दारात आम्हाला बघून आतली वीसेक माणसं एकदम मांडी सावरून बसली.

अध्यक्ष निवृत्त बस कंडक्टर होते. त्यांनी सवयीनं सगळ्यांना आत सरकायला लावलं आणि आम्हाला दारापाशी जागा करून दिली. मी घडाघडा विषय मांडला.  मग सगळे एकदम बोलायला लागले. एकाचं म्हणणं रीत नाही, दुसऱ्याचं म्हणणं लोक काय म्हणतील, तिसरा कळसावरच परत गेला. मला काही ऐकू येईना. मला गोंगाट सहन होत नाही. मी काय करतेय हे कळायच्या आत मी शिट्टी वाजवली होती.

त्या एवढ्याशा खोलीत ती शिट्टी अशी घुमली की सगळी चाळ गॅलरीत आली. सभा मात्र चिडीचूप झाली.

"बाय, तुमचा म्हणणा बरोबर आसा," अध्यक्ष कान चोळत म्हणाले. "पण चेडवांका हंय कशी ठेवूची? ह्या खोलयेत कधी बायलमाणूस रवला नाय."

"का? ही कोण मग?" मी देवीच्या फोटोकडे बोट दाखवलं. "इतकी वर्षं तुमच्यात एक बाई राहतेच आहे की!"

अध्यक्षांनी फोटोकडे पाहिलं, हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, "ती रात्रीची गावाक आसता. हंय नुसतो फोटो."

सगळी सभा खो खो हसली. मलाही हसू आवरेना, आणि तिथंच माझा मुद्दा बुडाला. त्यात खिडकीखाली चटईवर बसलेले एक म्हातारे घसा खाकरून म्हणाले, "आणि मी खंय जाव?"

हे आता त्या खोलीत राहणारे एकटेच. लग्न केलं नाही, घर केलं नाही. जवळच्या एका टॉवरवर रात्रीचे वॉचमन. त्यांचा मी विचारच केला नव्हता. पोरींना आत आणायचं म्हणजे या माणसाला बाहेर काढायचं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "माझी जागा खिडकीकडे. ती मी कोणाक देवचंय नाय," ते म्हणाले.  त्यांच्यावर ओरडायला माझी जीभ उचलेना.

तेव्हा ती पोरगी उठली. शिबिरभर तिनं एका दमात एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"आजोबानू, तुमी ड्युटीक कधी जातास?"

"काळोख पडलो की."

"आणि येतास?"

"उजाडल्यार."

"माका उजाडायच्या आधी मैदानावर जावचा लागतला. मगे कॉलेज, मगे परत मैदान. तुमी आसतास तेवा मी नाय, मी आसतंय तेवा तुमी नाय. आमची आजी सांगता, पयली सगळे असेच रवायचे. पाळयेन. मगे आतां काय झाला?"

 त्या वीस माणसांतले जे म्हातारे होते ते एकमेकांकडे बघायला लागले. पाळीच्या हिशेबात त्यांचं सगळं तरुणपण गेलं होतं.

"तिची चटई येगळी आणूक होयी," म्हातारे अखेर म्हणाले.

"माझी मी आणतंय. खिडकीकडची जागा तशी आमच्या आजोबांचीच होती, पण तुमचीच रवांदे."

म्हाताऱ्यांनी "कोणाची तू?" म्हणून विचारलं. तिनं आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं, काहीतरी बोलणार होते ते गिळलं आणि म्हणाले, "आसात. खिडकीकडेच आसात."

मग अध्यक्षांनी अटी घातल्या. सुट्टीच्या दिवशी पोरगी दिवसा कुठं जाणार? माझ्याकडे, मी म्हटलं. गावाहून कुणी पाहुणा आला तर? त्यानं गॅलरीत झोपायचं, पूर्वीही झोपायचेच. आणि एकटी पोरगी नको, जोडीला कुणीतरी हवं. यावर मासेवाली ताडकन उठली आणि म्हणाली, "मी आसंय मां!" तिनं तोवर पुढे शिकायचा विचारही केला नव्हता. कुठल्या शाखेला जाणार हे तिला दुसऱ्या दिवशी ठरवावं लागलं.

हात वर झाले. अध्यक्षांनी तिथूनच पोरीच्या वडिलांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. पलीकडे आधी रिक्षा बंद केल्याचा आवाज. मग प्रश्न आला, "सगळ्यांनी हात वर केले?"

"सगळ्यांनी."

"त्या बाईंनी शिट्टी वाजवली म्हणे?" बातमी आमच्या आधी गावी पोचली होती. "बरं. शब्द दिलाय तर पाठवतो."

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी ते स्वतः आले. दोन पोरी, दोन वळकट्या, आमसुलांची पिशवी, आणि बरोबर आजी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून गाडीत बसली आणि उतरेना, असं वडिलांनी मला कानात सांगितलं. चाळीचा लाकडी जिना ती माझ्या दंडाला धरून चढली. प्रत्येक वळणावर थांबायची आणि मला विचारायची, "ह्यो दुसरो माळो काय?"

दारात ती थांबली. आत म्हातारे नुकतेच ड्युटीवरून येऊन बसले होते. तिनं भिंती पाहिल्या, माळा पाहिला, पेट्या पाहिल्या.

"एवडीच?" ती म्हणाली.

 तिचा मुलगा, रिक्षावाला, गॅलरीच्या कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. तोही ऐन तारुण्यात इथंच राहिला होता.

"ह्येंची जागा खंय?" आजीनं म्हाताऱ्यांना विचारलं.

म्हाताऱ्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग दाराच्या आतल्या बाजूला, मोरीच्या भिंतीकडे हनुवटी केली. तिथं भिंत ओल धरून काळी पडली होती. "थंय, वयनी."

"खिडकीकडे नाय?"

"नाय. खिडकी पयल्यापासून मुकादमाची. तुमचे ते शेवटपर्यंत ह्या भिंतीकडेच."

मला वाटलं, आता ही रडणार. मी तिचा हात घट्ट धरला. पण आजी हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून हसत राहिली. "इतकी वर्सां माका खिडकी सांगल्यानी! वारो येता, म्हणायचे!" रडायला मलाच आलं, आणि मी ते लपवलं नाही.

म्हातारे उठले. त्यांनी खिडकीखालची आपली चटई गुंडाळली, खोली ओलांडली आणि मोरीच्या भिंतीला ती पसरली.

"आजोबानू, ती तुमची जागा," पोरगी म्हणाली.

"गप रव. दिसाचो कसलो वारो? माका खंयय झोप लागता."

पोरीनं वळकटी सोडली आणि खिडकीखाली अंथरूण घातलं. आजी माझ्या आधारानं हळूहळू खाली बसली, अंथरुणावरच्या सुरकुत्या तिनं हातानं सारख्या केल्या आणि गजांशी चेहरा नेऊन डोळे मिटले.

"वारो मात्र खराच येता गो," ती नातीला म्हणाली.