एका माणसाचा मसाला

चांगला मसाला कुठं मिळतो, त्याचा पत्ता मिळेल म्हणून वाचायला बसलात ना? पेन काढलं असेल तर परत खिशात ठेवा. मी दुकानदार नाय. बोईसरला डंकावर कामाला आहे. डंक म्हणजे ओळीनं लोखंडी मुसळं, खाली उखळं, वर मोटर. लोकं मसाला घेऊन येतात, आपण कुटून देतो. आपल्याकडं विकायला फक्त शिंका आहेत.

तर त्या दिवशी शेठ गल्ल्यावरून ओरडत होते.

"मावशी, एवढ्याशाला मशीन नाय लागत! मिक्सरला लावा!"

समोर यमुनामावशी. चिंचणीच्या. हातात छोटीशी कापडी पिशवी, तीपण अर्धी.

शेठचं तसं बरोबर होतं. उखळात माल कमी असला की मुसळ लोखंडावर आपटतं. मसाला तापतो, करपतो, मशीनची वाट लागते ती वेगळी. म्हणून दोन किलोच्या खाली आम्ही घेत नाय. बोर्ड लावलाय, पण वाचतो कोण.

"मिक्सरात मसाला तापतो, शेठ. वास मरतो त्याचा," मावशी म्हणाल्या.

"मग तयार पाकीट घ्या. एकट्या माणसाला लागतो किती?"

"एकटी हाय म्हणून जीभ कापून ठेवू काय?"

रांगेतल्या बायका हसल्या. मावशी नाय हसल्या.

डंकावर एकटं कुणी येत नाय. सीझनला तर घरंच्या घरं येतात. एक जणी गोणीवर लक्ष ठेवते, एक जणी मशीनला चिकटून उभी राहते. का, तर दुसरीच्या मसाल्यातली चिमूट आपल्यात यायला नको. तिसरी माझ्याशी भांडते. मी त्यांच्याच आवाजात परत भांडतो, म्हणून गर्दीचे दिवस बरे जातात. मागच्या वर्षी यमुनामावशी पण दोन सुना घेऊन आल्या होत्या. धाकटीची मी नक्कल केली, "आत्या, शिंक आली, शिंक आली, गेली!" तेव्हा सगळ्यात मोठ्यानं त्याच हसलेल्या.

यंदा सकाळपासून त्या मागच्या बायकांना पुढं सोडत होत्या. पाणी प्यायला जायचं होतं, तर पिशवी माझ्याकडं दिली. "जरा बघशील रे?" म्हणाल्या. नवरा पावसाळ्यात गेला. पोरं बायकांना घेऊन विरारला. "तितं पाकिटं फोडतात," एवढंच बोलल्या.

माझं काय, मी तिकडं लांब शहाद्याचा. इथं खोलीत आम्ही तिघं. बाकीचे दोघं एमआयडीसीत शिफ्टला. मी पोचतो तेव्हा ते गेलेले असतात. गादी गरम असते, माणूस नसतो. दिवसभर वीस आवाज काढतो, आणि खोलीवर गेलो की माझा स्वतःचा आवाज लागत नाय. ऐकणार कोण?

बहुतेक त्यामुळंच तोंडातून निघून गेलं, "मावशी, माझी भागी घ्या. अर्धा तुमचा, अर्धा माझा. वजन भरेल."

शेठ म्हणाले, "तू? तुझ्याकडं तवा तरी आहे का?"

मावशींनी मला चपलेपासून केसापर्यंत बघितलं.

"परक्यासंगती मसाला नाय करत. मसाला एका चुलीचा असतो. तुमच्या घरी काय काय घालतात?"

आईचा आवाज मला हुबेहूब येतो. ती मसाल्यात काय घालते, ते येत नाय.

"नाय म्हाईत? मंग बरं झालं," मावशी म्हणाल्या. "मंग माजाच मसाला होईल. तुजं काय चालायचं नाय. चल बाजारात."

शेठ म्हणाले, "जेवणाची सुट्टी त्यातच धर."

आता पेनवाल्यांनी पेन काढा. मावशींनी पूड कुठलीच घेतली नाय, सगळं अख्खं. मिरची हातात घेऊन मोडायच्या. कडकन मोडली तर घ्यायच्या, वाकली तर ओल आहे म्हणून टाकायच्या. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. धणे तळहातावर चोळून वास घ्यायच्या. हळकुंड मोडून आतला रंग बघायच्या.

"लवंगेला नख लाव," मला म्हणाल्या. "तेल सुटलं तर लवंग, नायतर खिळा."

दुकानदार म्हणाला, "मौसी, एक नंबर माल है."

"एक नंबर तुज्या घरी ने. मला चांगला दे."

मी हे वाक्य लगेच त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. दुकानदार हसला. मावशी म्हणाल्या, "असा बोलते मी? मंग बरोबर बोलते."

सगळं घरी नेऊन त्यांनी उन्हात वाळवलं, भाजलं आणि पुढच्या आठवड्यात परत आल्या. पिशवी भरलेली. मुसळं पडायला लागली. मावशी मशीनला चिकटून उभ्या. माझा एक डोळा उखळावर, एक त्यांच्या पिशवीवर. शेवटी मसाल्याचे दोन वाटे केले. "काचेच्या बरणीत भर, हिंगाचा खडा घाल. ओला चमचा घातलास तर हात तोडीन." गेल्या.

माझा वाटा तसाच गाठ मारून खाटेखाली. खोलीत गॅस आहे, पण एकट्यासाठी कोण पेटवतो. खानावळ चालू आहे ना.

मग एका शनिवारी केळव्याला बंगला घेतलेली मुंबईची मंडळी डंकावर आली. "दादा, चिकन बार्बेक्यूसाठी काही ऑथेंटिक मिळेल?" मला काय, ऐट करायची संधी. खोलीवरून माझ्या वाट्यातला मोठा डबाभर आणून दिला. फुकट. त्यांनी जाताना गाडीतून अंगठा दाखवला.

पुढं काही दिवसांनी मावशी आल्या. कुटायला काही नव्हतं. पिशवीत माझ्यासाठी सुके बोंबील. डंकावर रांग भरलेली.

"कसा झाला मसाला?"

"एक नंबर, मावशी."

"कशात घातलास?"

इतके आवाज येतात मला, त्या वेळी एक निघेना. खरं तेच सांगितलं. बंगला, कोंबडी, निखारे, खाटेखालची गाठ, सगळं.

आता बार्बेक्यूवाल्यांनो, मावशींच्या बोलण्यातली पहिली ओळ तुमच्यासाठी. बाकीचं माझ्यासाठी होतं, पण अख्ख्या रांगेनं ऐकलं. शेठनं तर मोटर बंद करून ऐकलं. यातून मी शिकलो ते एवढंच, की मसाला फुकट द्यावा, विकत द्यावा, पण वाटून घेऊ नये. वाटून घेतला की विचारणारं माणूस येतं.

"कोरडा मसाला निखाऱ्यावर? जळंल नायतर काय होईल! तेलालिंबात कालवायचा, कोंबडी अर्धी शिजली की मंग लावायचा, येवढं पण नाय सांगितलंस त्यांना? आन तू काय खाल्लंस? खानावळीत? मंग मी मसाला वाटून घेतला कुणासंगती रे, बंगलेवाल्यांसंगती? ताट वाढून घेते तवा मनात येतं, तितं बोईसरला एक जण ह्योच मसाला खातोय, चला, आपण दोघं जेवतोय. आन तू सोतासाटी गाठ पण नाय सोडलीस! दात काय काढतोस? डोळे पूस आदी, मिरची गेली असंल. रविवारी चिंचणीला यायचं. उरलाय तेवढा मसाला घेऊन यायचा. आन जेवताना नकला करायच्या नायत, काटा अडकतो!"