सुमनच्या झाडांना मी पाणी घातलं

शिल्पा, अगं जवळ ये, अशी समोर बस. आधी मी तुला थोडं रागावते, मग तू मला रागाव. दर रविवारी बंगळूरुहून फोन करतेस, "मावशी, जेवलीस का" विचारतेस आणि लगेच, "आईची झाडं कशी आहेत?" म्हाताऱ्या माणसाला फोनवर असलं विचारू नये गं. फोनवर माणूस खोटं बोलतं. दीड महिना मी तुला "मस्त हायत की" म्हणत आले. ते खरं नाही. तुझ्या कानात सांगायचा धीर होईना, म्हणून पेपरात लिहायला बसले. चार लोकांदेखत एकदा सांगून टाकलं की मग मागं फिरता येत नाही.

त्या सकाळी तुझाच फोन आला होता, दवाखान्यातनं. मी भाकरी थापत होते. "मावशी, आई गेली," एवढंच बोललीस. तव्यावरची भाकरी करपली... आणि मी गॅस बंद करायचा सोडून तुमच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. कठड्यावर ओळीनं एकवीस कुंड्या. जांभळट, गुलाबी, कडेला लालसर, कमळागत उमललेली जाड पानांची झाडं. एचेव्हेरिया म्हणायची सुमन त्यांना. माझ्या जिभेवर ते नाव कधी बसलं नाही, मी कमळंच म्हणायची.

वाचणाऱ्यांना सांगते, सुमन म्हणजे शिल्पाची आई, माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. सगळी नोकरी धो धो पावसाच्या गगनबावड्याकडं नर्स म्हणून काढली. रिटायर होऊन कोल्हापुरात आमच्या गल्लीत घर घेतलं तेव्हा म्हणाली, "अक्का, तिथं माझं लुगडं धड वाळलं न्हाय कधी. आता मी असलं कायतरी लावणार, ज्याला पाऊस नको." आणि लावलंच. दोन जातींचा संकर केलेलं इवलंसं एक रोप पार्सलनं मागवलं. त्याचं पान अलगद मोडायचं, कोरड्या मातीवर नुसतं ठेवायचं आणि विसरून जायचं. महिन्याभरानं देठाशी टाचणीच्या डोक्याएवढं गुलाबी पिल्लू. मग मला हाक, "अक्का, ये बघायला. बाळ-बाळंतीण सुखरूप." नर्सच ती. असं करत एकाची एवढी झाली.

मी शिरोळकडची, उसाच्या रानात वाढलेली. पाट सोडला की पीक, एवढंच मला ठाऊक. तिच्या कुंड्यांत बघावं तर निम्मी रेती, विटेचा चुरा आणि माती खडखडीत. मी तांब्या घेऊन पुढं झाले की ओरडायची, "ऊस न्हाय त्यो. ठेव तांब्या खाली."

"अगं, सुकलंय की गं ते."

"तहानू दे. तहानेनंच रंग चढतोय त्याला. लाड केलेस की हिरवं पडतंय, मग सडतंय."

खालची पानं सुरकुतली की मगच पाणी, तेही मुळाशी, मधल्या गाभ्यात थेंब नाही. शंभरदा सांगितलं होतं तिनं. मला पाठ होतं.

आणखी एक लिहितेच, कारण सुमननं ते कधी बोलून दाखवलं नाही. तिचं घर बौद्ध. आम्ही गल्लीतल्या बायका पहिलं वर्षभर तिच्या घरचं पाणी घ्यायचो नाही. "आत्ताच चहा झाला" म्हणायचो. मीही म्हणायची. तिला कळत होतं. ती पेला गुपचूप आत नेऊन ठेवायची आणि झाडांचं बोलायला लागायची.

ती गेल्यावर काही दिवसांनी तुमच्यात जलदानाचा विधी असतो, त्या दिवशी भन्तेजींच्या गाथा चालल्या होत्या. तू पेल्यातनं ताटात पाण्याची धार सोडत होतीस. मला बघवेना, बाहेर आले. कुंड्यांतली माती कोरडी ठक्क, खालची पानं मलूल. मला काय झालं कुणास ठाऊक... हिच्या हातचं पाणी मी वर्षभर नाकारलं, असं काहीतरी मनात आलं आणि मी तांब्या भरून घातला. सगळ्या कुंड्यांना, वरनं, गाभ्यातनं. मागनं आलेल्या बायकांना वाटलं, हाही विधीतलाच भाग. एकेकीनं पेला भरून घेतला, रांग लागली. ज्या तिच्या घरचं पाणी घेत नव्हत्या, त्याही होत्या रांगेत. एकीनं तर बादली मागितली. सगळ्या रडत होत्या आणि ओतत होत्या. मला माहीत असून मी नको म्हणाले नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार, पहिला तांब्या माझा.

दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडं किल्ली देऊन गेलीस. हवा कुंद, उन्हाचा पत्ता नाही. आठवड्यात पानं काचेसारखी झाली, धक्का लागला की गळायची. बुंधे काळे पडले, वास यायला लागला. वरची डोकी कापून, चार दिवस सुकवून, कोरड्या रेतीत लावून बघितली, तिनं दाखवलं होतं तसं. पण तो हात तिचा होता. एकवीसच्या एकवीस गेली, पोरी. रोज एक कुंडी रिकामी करताना वाटायचं, मी हिला परत परत पोचवतेय.

तिच्या खाटेजवळच्या खिडकीत मात्र बाविसावं एक होतं. आत होतं म्हणून कुणाच्या हाती लागलं नाही. त्याच्या पानांवर द्राक्षावर असतो तसा पांढरट थर असतो. एकदा पुसला की परत येत नाही, म्हणून सुमन कुणाला बोट लावू द्यायची नाही. पण दवाखान्यात जायच्या सकाळी कुंडी उजेडाकडं फिरवताना तिचा तोल गेला. मी तिला धरलं, तेवढ्यात तिचा अंगठा एका पानावर टेकला. तो ठसा आहे अजून. उजेडात धरलं की रेघा दिसतात.

पण ते पान सगळ्यात खालचं आहे. झाड चांगलं आहे, मधनं नवी पानं येतात, आणि नवी आली की खालची एकेक वाळून जातात. त्याची रीतच आहे ती. ठशाचं पान कडेनं तपकिरी व्हायला लागलंय. पाणी घातलं तर झाडच जाईल, नाही घातलं तरी ते पान जाणार. मी रोज खाटेच्या कडेला बसून बघते. करता काहीच येत नाही मला.

दिवाळीची रजा मिळेल तेव्हा येते म्हणालीस. दिवाळी लांब आहे गं. वाटल्यास भांडायला ये, मी ऐकून घेईन. पण ते पान आहे तोवर ये.