सुरयांच्या टोकावरच्या अक्का

"बसून बोलू," असं अक्का म्हणाल्या की समजावं, आता या उठायच्या नाहीत.

हैदराबादेत, कुकटपल्लीतल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या समोरच्या दारात राहायच्या. मूळच्या परभणीकडच्या, पण सगळी नोकरी इथल्याच एका सरकारी इस्पितळात, प्रसूती विभागात नर्स म्हणून झालेली. ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा आणि आवाज असा, की त्यांनी वरून भाजीवाल्याला हाक मारली तर रस्त्यावरचा ऑटोसुद्धा थांबायचा.

तुमच्याही इमारतीत असं कुणीतरी असेल, ज्याला पाहून सोसायटीचे पदाधिकारी दुसऱ्या जिन्याने जातात. आमच्या सचिवांनी एकदा लिफ्टजवळ पाटी लावली: कामवाल्या बायकांनी जिना वापरावा. अक्कांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची आणली, लिफ्टच्या दारात मांडली आणि तिच्यावर बसल्या. दार यायचं, खुर्चीला धडकायचं, परत जायचं.

"अक्का, ये क्या तमाशा है?" सचिव म्हणाले. राग आला की ते इथल्या दखनी हिंदीत शिरायचे.

"बसून बोलू. तुम्ही पण खुर्ची आणा."

दुपारच्या जेवणाआधी पाटी निघाली.

हेच गृहस्थ आमच्या मराठी मंडळाचेही सचिव. एका मे महिन्यात मंडळाची बस कोकणात निघाली. समुद्रात घुसलेलं एक खडकाळ टोक आहे, तिथे सुरय नावाचे समुद्रपक्षी अंडी घालायला जमतात, ते बघायचं ठरलं होतं. अक्कांनी तोवर समुद्रच पाहिला नव्हता.

पण टोकावर पोचल्यावर त्यांनी समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. समोरचा सगळा खडक पक्ष्यांनी भरला होता. करड्या पाठीचे, काळी टोपी घातल्यासारखे. घरटं म्हणून काही नाहीच. दगडाच्या खोबणीत ठिपक्याठिपक्यांचं अंडं आणि त्यावर पोट टेकून बसलेली आई. माशांचा उग्र वास आणि कान किटवणारा कलकलाट. अक्कांनी माझा दंड धरला.

"अगं, हा तर आमचा वॉर्ड आहे!"

"आता गंमत बघा," म्हणत तिथल्या गाइडने पत्र्याचा डबा बडवला. एका झटक्यात सगळे पक्षी वर उठले. सगळ्यांचे मोबाइलही वर उठले. खाली अंडी उन्हात उघडी पडली, आणि तेवढ्यात कावळे उतरले. एकाने अंडं फोडलं, ते आम्ही दोघींनी पाहिलं. पक्षी हळूहळू परतले, पण ती एक आई त्याच जागेवर घिरट्या घालत राहिली.

"व्हिडिओ नीट नाही आला," मागून कुणीतरी म्हणालं.

गाइडने पिशवीतून लवंगी फटाक्यांची माळ काढली, दगडावर ठेवली आणि काडेपेटी शोधू लागला. अक्का शांतपणे पुढे गेल्या आणि त्या माळेवरच बसल्या.

"बाय, उठा हयसून. आमचो धंदो आसा," गाइड ओरडला.

"मग लांबून दाखव ना. गप्प बसवून दाखव. लोक तरीही येतील."

सचिव पुढे आले. "अक्का, पक्षीच तर आहेत. सगळ्यांची मजा कशाला किरकिरी करता?"

"बाळंतिणींच्या खोलीत फटाके लावाल? तुमची सून माझ्याच वॉर्डात होती. तेव्हा तुम्ही खोकायलासुद्धा बाहेर जात होता."

कुणीतरी हसलं. त्यामुळे सचिव जास्तच चिडले. "बस निघेल. तुमच्यासाठी थांबणार नाही."

"निघू द्या."

आणि बस खरंच निघाली. मी का मागे राहिले, ते मला धड सांगता येणार नाही. बहुधा अक्कांची पाण्याची बाटली माझ्याकडे होती म्हणून. ऊन असं, की दगडावर हात टेकवेना. नंतर पर्यटकांचा आणखी एक जथा आला. अक्कांनी ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की माणसं कुजबुजतच पक्षी बघून गेली. गाइड लांब बसून धुसफुसत होता. शेवटी "ऊन लागात तुमका" म्हणत त्याने एक छत्री आणून त्यांच्या शेजारी आपटली. रात्री एसटीत बसलो तेव्हा त्यांचं नाक सोललं होतं आणि राग अजून ताजा होता.

परतल्यावर मंडळाने त्यांना आपल्या आरोग्य शिबिराच्या कामातून वगळलं. शिबिराच्या दिवशी त्या रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन सभागृहाच्या दाराबाहेर बसल्या, आणि लोक आत डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांच्यापाशी थांबू लागले. त्यानंतर दर मे महिन्यात त्या एकट्या त्या टोकावर जायच्या. हृदयात स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. "माझ्या सुरया डॉक्टरांना विचारून अंडी घालतात का?" म्हणाल्या आणि त्या मे महिन्यातही निघाल्या. तिथले फटाके कायमचे बंद झाले का, मला ठाऊक नाही. अक्का तिथे असायच्या तेव्हा तरी एकही वाजला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. नारायणगुड्यातल्या आपल्या सभागृहात मंडळाने शोकसभा घेतली. सचिव बोलायला उभे राहिले. अत्यंत शांत स्वभाव, मनमिळाऊ, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं सुरू झालं. मी मान खाली घातली.

पहिल्या रांगेत अक्कांची मुलगी होती. इथेच वाढलेली, मराठी वाचताना अडखळणारी. ती उठून उभी राहिली.

"अंकल, एक मिनिट. तुम्ही कुणाबद्दल बोलताय? मम्मी शांत नव्हती. जिंदगीभर भांडली ती. तेवढं तरी तिचं तिला ठेवा ना."

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भांडायच्या," ते म्हणाले. "माझ्याशी तर फारच. आणि बहुतेक वेळा जिंकायच्या."

मुलगी अजून उभीच होती.

"बहुतेक?" तिने विचारलं.