पायमामांचा संगणकातला संगणक

बुटांचे कारागीर गल्लोगल्ली सापडतील; पण एक पाय आखूड, एक लांब अशा माणसाचा बूट शिवावा तो पायमामांनीच! त्यांचं खरं नाव सांगायचं तर बायकोसुद्धा क्षणभर अडायची.

मामांचे सगळे साचे, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापाचे कापायचे नकाशे, एका म्हाताऱ्या संगणकात. एके दिवशी मामांनी तो बंद केला, तो पुन्हा उठलाच नाही. पण सून हिकमती! तिने त्याच्या पोटातलं सगळं काढून नव्या संगणकात आभासी संगणक उभा केला. म्हणजे कसं, तर नव्याच्या पडद्यावर एक चौकट आणि त्या चौकटीत जुना जसाच्या तसा जिवंत! मामा हरखले. पण चौकट काडेपेटीएवढी, माऊस आत शिरला की बाहेर यायचं नाव नाही, आणि साचा काही केल्या बाहेर निघेना. प्रिंटर तर बाहेरच्याला जोडलेला.

इकडे एक परिचारिका खोळंबलेली. तिचा साचा त्या चौकटीतच अडकलेला, जुना बूट फाटलेला, आणि सोमवारपासून दिवसभर उभ्याने काम. नव्याने माप घ्यावं, तर टाचेची उंची जमेपर्यंत महिनाभर शिवा-उसवा; तोवर बाई लंगडणार.

"चौकट मोठी करणारा, माऊस सोडवणारा तो मदतनीस प्रोग्राम बसवलात का, बाबा?" कामावरून आलेल्या सुनेने पिशवी ठेवता ठेवता विचारलं.

"दोनदा बसवायला गेलो. नको म्हणतोय!"

तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, बाहेरच्या संगणकात बसवताय! औषध रोग्याला पाजायचं की डॉक्टरला?"

"डॉक्टरच खोकत असेल तर?" मामा काय हार जातायत!

मग तिने आतल्याच पडद्यावर प्रोग्राम चढवला. सगळं सुरळीत. शेवटी आतल्याने विचारलं, बंद होऊन पुन्हा सुरू होऊ का?

मामांनी माऊसवरचा हात काढून घेतला. "नको गं. एकदा बंद केला होता, तेव्हा काय झालं ठाऊक आहे ना."

सून चेष्टा करणार होती, पण सासऱ्यांचा चेहरा बघून थांबली. "आधी त्याची आहे तशी प्रत ठेवते, बाबा. काही बिघडलंच, तर पुन्हा इथेच येऊ."

"असं मागे येता येतं?"

"याला येतं."

"मग ठेव. दोन ठेव!" मामा म्हणाले, आणि बटण स्वतःच दाबलं.

चौकट काळी पडली. मामांनी खुर्चीचा हात आवळला. मग ती उजळली, अंगभर आळस दिल्यासारखी पसरली आणि पडदाभर झाली! माऊस घरच्या मांजरासारखा आत-बाहेर करू लागला. सुनेने दोन्हीकडून उघडणारा एक फोल्डर जोडून दिला. मामांनी साचा त्यात टाकला, बाहेर येऊन छापला आणि कागदावर पट्टी ठेवली.

"जमलं?"

"केसाचाही फरक नाही!" मामांनी कातडं पसरलं, कापायची रापी उचलली. "त्या बाईंना फोन लाव. म्हणावं, रविवारी बूट पायात घालून बघायला या. आणि चालत येऊ नका म्हणावं. जाताना चाला."