रोजचाच सोमवार

देवबागच्या माणसाने मासे सोडले, ही बातमी देवबागात कुणाला खरी वाटत नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या वाळूवर आमचं घर. आणि त्या घरात जन्मभर होडी चालवलेले माझे वडील वाटीभर कुळथाची पिठी नि मूठभर भात घेऊन बसायचे. पुढच्या पडवीत भावाच्या होमस्टेचे पाहुणे सुरमईची थाळी चापत असायचे. येणाराजाणारा विचारायचा, "काय तांडेलानू, आज शिवराक?" बाबा नुसती मान हलवायचे.

आई गेली तेव्हापासून हे सुरू झालं. सुतकात घरात मासे शिजत नाहीत, तेव्हा आम्ही सगळेच शिवराक जेवत होतो. दिवसकार्य आटोपलं, चुलीवर पुन्हा बांगड्याचं सार उकळलं, आणि बाबांनी ताटातली तुकडी बाजूला सारली. "माका नको आज." आज नको म्हणजे उद्या खातील, असं आम्ही धरून चाललो. तो उद्या काही आला नाही. म्हातारपणी माणूस देवाकडे वळतो, असं वहिनी म्हणाली आणि विषय संपला. तिलाही ते सोयीचं होतं, पिठी करायला असा कितीसा वेळ लागतो!

मग गेल्या वर्षी बाबा न्हाणीतल्या गुळगुळीत टाइल्सवरून घसरले. त्या टाइल्स पाहुण्यांसाठी बसवलेल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी वालावलला सासरी असते. मुलं मोठी झालीत, नवऱ्याला चहा-भात जमतो, म्हणून चार साड्या पिशवीत भरून माहेरी येऊन राहिले.

टाके निघाल्यावर पुन्हा दाखवायला नेलं. एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळून येतंय." मग त्यांनी बाबांची मांडी चाचपून पाहिली. "पण पायात मांसच राहिलेलं नाही. वॉकर धरून उभं राहायला ताकद कुठून येणार? प्रोटीन पोटात जायला हवं. मासे, अंडी द्या."

"ते शिवराक आहेत," मी म्हटलं, आणि माझंच वाक्य माझ्या कानाला खटकलं. मासे-मटण नसलेल्या जेवणाला आमच्याकडे शिवराक म्हणतात. पण तो शब्द आम्ही दिवसाला लावतो, माणसाला नाही. आज शिवराक, उद्या बांगडा. बारा महिने शिवराक असलेला माणूस आमच्या घरात कुणी पाहिलेलाच नव्हता.

"शिवराक असू देत की," डॉक्टर म्हणाले. "कडधान्यं, डाळी, दूध, दही, शेंगदाणे, सोयाबीन, सगळं मिळतं त्यातून. पण भरपूर खाल्लं तर. किडनी ठीक आहे त्यांची, ती काळजी नको. हे असंच चाललं तर मात्र ते अंथरुणातून उठायचे नाहीत."

"पिठी खातात की रोज," मी जरा रागानेच म्हणाले.

"पिठीत पीठ किती असतं?"

घरी येऊन पिठी करताना वहिनीचा हात पाहिला. तांब्याभर पाण्यात चमचाभर पीठ! तिचं तरी काय चुकलं म्हणा, आमच्याकडे पिठी पातळ होणं हीच सुगरणीची खूण. भातावर धावली पाहिजे. कुळीथ पौष्टिक हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण चमचाभर कुळीथ वाटीभर पाण्यात पौष्टिक राहून राहणार किती?

मी पदर खोचला. पिठी दाट केली, तर बाबा म्हणाले, "ह्या काय, खळ?" सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा केला. त्यांनी एक वडी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "मटणाचा सोंग कित्याक? खावचा तर मटण खावचा." पाहुण्यांसाठी आणलेलं पनीर दिलं, ते बराच वेळ चघळून हळूच बशीच्या कडेला ठेवलं. औषधाच्या दुकानातून पावडर आणली. व्हॅनिलाचा वास आला मात्र, बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. माझा स्वभाव तापट, आणि तो मी ज्यांच्याकडून घेतला ते समोरच पडलेले. पेला आपटून मी मागीलदारी जाऊन उभी राहिले. आई गेली ती गेली, आता हेही असे कणाकणाने जाणार आणि मी हातात पेला घेऊन बघत बसणार, ह्या विचाराने मला रडूच फुटलं.

शेवटी काळे वाटाणे भिजत घातले. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावून केलेलं काळ्या वाटाण्याचं सांबारं म्हणजे बाबांच्या जिवाचा पदार्थ. त्याच्या वासाने पडवीतल्या सुरमईवाल्या पाहुण्यांनीही आत डोकावून बघितलं. बाबा उशीला टेकून बसले, चवीने जेवले, बोटंसुद्धा चाटली. मी दुसरा भात घेऊन येते तोवर त्यांनी ताटातच हात धुतलेला. "पोट भरला."

तो ताटातला हात बघितला आणि घोडं कुठे पेंड खातंय ते माझ्या ध्यानात आलं. हा हात मी लहानपणापासून बघत आले होते, पण फक्त सोमवारी. सोमवार शंकराचा, घरात शिवराक. त्या दिवशी बाबा पहिल्या भातावर उठायचे आणि आई त्यांना आग्रह करायची नाही. शिवराक म्हणजे जवळजवळ उपासच, अशी आमची समजूत. पोट भरायचं ते माशाच्या साराबरोबर. मंगळवारी आई सोमवारचीही कसर भरून काढायची, नको नको म्हणेपर्यंत वाढायची आणि वर म्हणायची, "आज काय सोमवार नाय." आणि आता बाबांच्या आठवड्यात मंगळवार उरलाच नव्हता. जेवणात काय घालावं ह्यावर मी एवढी डोकेफोड केली, पण माणूस अर्ध्या पोटी उठत असेल तर ताटात अमृत का असेना.

मग मी पदार्थांचा नाद सोडला आणि आग्रह धरला. सकाळी मुगाचं घावन, मधे मूठभर भाजलेले शेंगदाणे, दुपारी उसळ किंवा दाट वरण, भातावर दही. नवीन त्यात काहीच नव्हतं. फक्त ते संपेपर्यंत मी समोरून हलत नसे. बाबा चिडायचे, मी दुप्पट चिडायचे. वहिनी म्हणायची, तुमका दोघांका एकाच खोलयेत ठेवचा नाय. आज ते वॉकर धरून पडवीपर्यंत जातात आणि होडी कशी लावावी ह्यावरून भावाला शिव्या देतात. पण पाय रोवून उभे राहिले तो दिवस मला तितकासा आठवत नाही. आठवतं ते त्याच्या आधीचं एक जेवण.

त्या दुपारी पुन्हा काळे वाटाणेच होते. पहिला भात संपला आणि बाबांचा हात तांब्याकडे गेला. मी तांब्या उचलून मागे ठेवला. "बाबा, आज सोमवार नाय. जेवा."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, आता ताट फेकतात. पण ते जेवू लागले. दुसरा भात संपला, सांबारं संपलं. आणि मग रिकाम्या ताटात हात तसाच ठेवून हा माणूस, ज्याला मी आईला घरातून नेतानाही रडताना पाहिलं नव्हतं, रडायला लागला.

"तुझी आवस गेली," ते म्हणाले, "आणि मी हयसर बसान पोटभर जेवतंय. माका लाज वाटता गो."

म्हणजे मासे त्यांनी देवासाठी सोडले नव्हते. त्यांना पोट भरू द्यायचं नव्हतं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्याजवळ खाली बसले. मनात आलं ते विचारलं.

"ती आसती तर तुमका अर्ध्या पोटी उठाक दिल्यान असता?"

बाबांनी डाव्या हाताने डोळे पुसले.

"नाय," ते म्हणाले. "आणखी भात घातल्यान असतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"मगे बघतंस काय?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.